मुंबई केंद्रशासित होणार होती, तेव्हा एका खासदाराने अर्थखातं सोडलं

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण आपल्या आमदार-खासदारांकडे एक मागणी करायची आहे आणि ती इतिहास सांगितल्याशिवाय समजणार नाही.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात. त्याआधीच, २१ नोव्हेंबर १९५५ला, फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झालेला होता. या घोषणेनंतर मुंबई पुन्हा पेटली, पुन्हा गोळ्या चालल्या. आज तिथे हुतात्मा चौक आहे. १०६ हुतात्मे, अत्रे, एसेम, डांगे, १ मे १९६०, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण मुळात हे शहर राज्यापासून तोडायचा अधिकार दिल्लीला दिला कुणी, हा प्रश्न १ मेच्या भाषणांत कधी ऐकलाय? मी तरी नाही.

तो अधिकार राज्यघटनेनेच दिलाय. कलम ३. राज्य तोडणं, जोडणं, त्याची हद्द किंवा नाव बदलणं, सगळं संसद साध्या कायद्याने करू शकते. साध्या म्हणजे खरोखरच साध्या, दोन तृतीयांश बहुमतसुद्धा नको. गंमत बघा, केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांच्या याद्या बदलायच्या असतील तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते. आख्खं राज्यच मोडायचं असेल तर मात्र त्या राज्याचं फक्त ‘मत’ मागवायचं. दिलेल्या मुदतीत मत आलं नाही तरी चालतं, आणि विरोधात आलं तरी चालतं. ही मुदतीची अटसुद्धा नंतर घातलेली आहे, डिसेंबर १९५५मध्ये पाचव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे राज्य पुनर्रचनेचं बिल यायच्या तोंडावर! घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती सुचवली होती की असा प्रस्ताव त्या-त्या राज्याच्या विधिमंडळातूनच यावा. ती फेटाळली गेली. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, संस्थानं विलीन होत होती, केंद्र मजबूत हवं होतं. त्या वेळचं कारण समजू शकतो.

तर १९५६मध्ये कागदावर महाराष्ट्राच्या हातात काहीच नव्हतं. होती ती माणसं. रस्त्यावरची होतीच, पण आज मला सभागृहातल्या एका माणसाबद्दल बोलायचंय.

चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि तेव्हा देशाचे अर्थमंत्री. काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून निवडून आलेले (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा, मुंबईतलं कुलाबा नव्हे). हा माणूस आंदोलक नव्हे, मोर्चेकरी तर अजिबातच नव्हे. पण जुलै १९५६मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून कारणं सांगितली. मुंबईबद्दलचा एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चेला न आणता जाहीर केला गेला, हा त्यांचा मुख्य आक्षेप. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी ही त्यांची मागणीही मानली गेली नव्हती. पक्ष स्वतःचा, पंतप्रधान नेहरू, समोर बहुमत प्रचंड. तरीही बोलले.

दुसऱ्या बाजूला यशवंतराव चव्हाण. महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे, अशा अर्थाचं त्यांचं विधान लोक विसरले नाहीत. १९५७ला कराडमध्ये ते जेमतेम निवडून आले. द्विभाषिक राज्य चालत नाही हे दिल्लीला पटवण्यात पुढे त्यांचाही वाटा होता, ते नाकारायचं कारण नाही. पण ते पटवणं मतपेटीचा दणका बसल्यावर झालं.

देशमुखांच्या राजीनाम्यानंतर काही आठवड्यांतच कलम ३चा खरा चेहरा दिसला. मुंबई विधिमंडळाकडे मतासाठी गेलेलं बिल तीन घटकांचं होतं: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. ऑगस्टमध्ये संसदेने ते बदलून एकच मोठं द्विभाषिक राज्य केलं. मराठी माणसाला ते नको होतं, गुजराती माणसालाही नको होतं, अहमदाबादेतही गोळ्या चालल्या. मूळ योजनाच बदलली, मग विधिमंडळाला पुन्हा विचारायला नको का? बाबूलाल पराते हा मुद्दा घेऊन सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. २८ ऑगस्ट १९५९ला निकाल आला की मत एकदा मागवलं, पुरे. दुरुस्तीसाठी परत विचारायची गरज नाही.

आजही कायदा तोच आहे.

३० जानेवारी २०१४ला आंध्र विधानसभेने विभाजनाचं बिल नाकारलं. फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं. आणि ऑगस्ट २०१९. जम्मू-काश्मीर हे एकच राज्य असं होतं, की त्याच्या हद्दीला हात लावायला विधिमंडळाचं नुसतं मत नव्हे, संमती लागायची. ती तरतूद ५ ऑगस्टला गेली. विधानसभा आधीच बरखास्त होती, राष्ट्रपती राजवट सुरू होती, त्यामुळे राज्याचं ‘मत’ संसदेनेच देऊन टाकलं. राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. कलम ३७०बद्दल तुमचं मत काहीही असो, त्यावर इथे भांडायचं नाही. प्रश्न एवढाच, की एखाद्या राज्याचा राज्य हा दर्जाच काढून घेता येतो का? ११ डिसेंबर २०२३च्या निकालात सुप्रीम कोर्टाने लडाख वेगळं करणं मान्य केलं, पण हा प्रश्न, दर्जा परत देऊ या केंद्राच्या आश्वासनावर, खुलाच ठेवला.

उद्या मुंबई केंद्रशासित होणार असं मी म्हणत नाही. ती आवई दर निवडणुकीला उठते आणि निकालानंतर विरते. पण जे १९५६ला करायचं ठरलं होतं, ते करायचा रस्ता कायद्याने अजून बंद केलेला नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आता तुमच्यातले काही विचारतील, राज्याची संमती सक्तीची केली तर बेळगावचं काय? कर्नाटक कधी ‘हो’ म्हणेल? बरोबर आहे. विदर्भवाले मित्रही हेच म्हणतील, तेलंगणही मग झालं नसतं. आणि १९५६च्या मुंबई विधानसभेने तरी संयुक्त महाराष्ट्राला संमती दिली असती का, शंकाच आहे. म्हणून सरसकट नकाराधिकार मागण्यात अर्थ नाही. मागायचं ते नेमकं मागूया. राज्याचा किंवा त्याच्या एखाद्या भागाचा दर्जा उतरवून तो केंद्रशासित करायचा असेल, तर त्या राज्याच्या निवडून आलेल्या विधानसभेची संमती हवी. राष्ट्रपती राजवटीत असलं बिल आणताच येऊ नये. आणि बिलाचा गाभा बदलला तर ते परत विधिमंडळाकडे यावं, म्हणजे पराते निकालाची फट बुजेल.

हे करायला घटनादुरुस्ती लागेल, ती दिल्लीतच होईल. पण सुरुवात विधानसभेत अशासकीय ठरावाने होऊ शकते. त्याला सत्ताधारी असावं लागत नाही, एक आमदार पुरे. आपल्याकडे २८८ आहेत. वर ७८ विधान परिषदेत, ४८ लोकसभेत, १९ राज्यसभेत. सगळ्या पक्षांचे सगळे जण १ मे ला हुतात्मा स्मारकावर फुलं वाहतात. तुमच्या आमदाराचं कार्यालय तुम्हाला माहीत आहे. येत्या अधिवेशनाआधी एक पत्र द्या, पोच घ्या आणि विचारा, असा ठराव तुम्ही मांडणार का? उत्तर जे येईल ते, कुठल्याही पक्षाचं असो, इथे टाका. मी एकत्र करून यादी लावतो.