छातीच्या ऑपरेशननंतर हृदय जागेवरून सरकतं, म्हणजे नेमकं काय होतं?

फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर काही दिवस हृदयाचे ठोके अनियमित होणं नेहमीचं आहे. बहुतेकदा ते औषधांनी आटोक्यात येतं. पण फार क्वचित हृदयच जागा सोडतं. याला 'कार्डियाक हर्निएशन' म्हणतात.

हे कसं घडतं?

हृदयाभोवती पेरिकार्डियम नावाची पातळ पण चिवट पिशवी असते. कॅन्सरची गाठ हृदयाला खेटून असेल, तर फुफ्फुसासोबत या पिशवीचा तुकडाही कापावा लागतो. पूर्ण फुफ्फुस काढल्यावर शेजारी पोकळी उरते. पिशवीचं भोक उघडं राहिलं किंवा टाके सुटले, तर हृदय त्यातून पोकळीत घुसू शकतं. उजवीकडे सरकल्यास हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरा पिळल्या जातात. डावीकडे सरकल्यास भोकाच्या कडा हृदयाला आवळतात. जोराचा खोकला किंवा ऑपरेशनच्या कुशीवर वळवणं एवढंही निमित्त पुरतं.

लक्षणं आणि उपचार

बहुतेकदा पहिल्या 24 तासांतच रक्तदाब अचानक कोसळतो, नाडी वेगाने चालते, मानेच्या शिरा फुगतात. छातीच्या एक्स-रेत हृदय भलतीकडे दिसतं. रुग्णाला लगेच दुसऱ्या कुशीवर वळवतात, छाती पुन्हा उघडून हृदय जागेवर बसवतात आणि भोकाला पॅच लावतात. निदान चुकलं तर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं.

घरी आल्यावर काय जपायचं?

हर्निएशन सहसा हॉस्पिटलमध्येच घडतं. पण पेरिकार्डियम उघडलं असेल, तर 1 ते 6 आठवड्यांनी त्याला सूज येऊ शकते. ताप येतो, खोल श्वास घेताना छातीत दुखतं, पुढे वाकून बसल्यावर बरं वाटतं. इको तपासणीत हृदयाभोवतीचं पाणी दिसतं. सूज औषधांनी उतरते. पाणी फार साचून हृदय दाबलं गेलं, तर ते तातडीने काढावं लागतं.

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरसारख्या गावातला रुग्ण मोठ्या ऑपरेशनसाठी सोलापूर किंवा पुण्याला जातो आणि बरा होण्यासाठी घरी परततो. अशा वेळी 'टाके ओढत असतील', 'हवा बदलली असेल' म्हणून दुखणं अंगावर काढू नये. गावातल्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड दाखवावं. धाप लागली, भोवळ आली किंवा ओठ निळे पडले, तर थेट 108 ला फोन करावा.