मुलें राखणाऱ्या मुली

संध्याकाळीं आईबाप मेजवानीस निघतात आणि शेजारची सोळा-सतरा वर्षांची मुलगी त्यांच्या मुलांजवळ बसावयास येते. रात्रीं ते परतले, कीं तासांच्या हिशेबानें पैसे घेऊन ती आपल्या घरीं जाते. अमेरिकेंत तिला 'बेबीसिटर' म्हणतात. ती दाई नव्हे, आयाहि नव्हे. एरवीं तीहि पुस्तकें घेऊन शाळेंत जाणारी पोरच असते.

ही चाल घरोघर रूढ झाली ती मुख्यत्वें दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४६ पासून १९६४ पर्यंत त्या देशांत जन्माचें प्रमाण फार वाढलें. रणांगणावरून परतलेल्या तरुणांस घरें हवीं होतीं. १९४७ सालीं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही एकसारख्या घरांची वसाहत उभी राहूं लागली. इतर शहरांभोंवतींहि अशीं उपनगरें पसरलीं. १९५६ च्या कायद्यानें हमरस्त्यांचें जाळें विणण्यास पैसा मिळाला. तरुण जोडपीं शहराबाहेर राहावयास गेलीं. आजी-आजोबा बहुधा मागेंच राहिले. मग रात्रीं मूल कोणाच्या हवालीं करावयाचें? शेजारची शाळकरी मुलगी हेंच त्यावर सोयीचें उत्तर ठरलें.

परंतु दुसऱ्याच्या पोरीवर घर सोंपविलें, कीं मनांत धास्ती राहावयाचीच. ती धास्ती चित्रपटांनीं अचूक हेरली. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन' या १९७८ च्या चित्रपटांत मुलें राखणाऱ्या मुलींच्या मागें खुनी लागतो. उलट १९८६ मध्यें अ‍ॅन मार्टिन या लेखिकेनें सुरू केलेल्या 'द बेबी-सिटर्स क्लब' या पुस्तकमालेंतील चुणचुणीत मुली मंडळ काढून ठरल्या वेळीं टेलिफोनजवळ बसतात आणि कामें घेतात.

१९८७ चा 'अ‍ॅडव्हेंचर्स इन बेबीसिटिंग' हा विनोदी चित्रपट भय आणि भरंवसा या दोहोंचा मेळ घालतो. ख्रिस कोलंबस यांनीं दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. नायिका एलिझाबेथ शू. शिकागोच्या उपनगरांत ती मुलें राखीत असतां शहरांतील बसच्या स्थानकावर अडकलेल्या तिच्या मैत्रिणीचा टेलिफोन येतो. मैत्रिणीस एकटें टाकवत नाहीं आणि मुलांनाहि घरीं सोडतां येत नाहीं. म्हणून ती सर्वांस मोटारींत घालून निघते. हमरस्त्यावर चाक फुटतें, आणि पैशांची पिशवी तर घरींच राहिलेली! पुढें मोटारचोर पाठीस लागतात. एका संगीतगृहांत गाणें म्हटल्यावांचून त्यांची सुटका होत नाहीं. अखेर, ज्या उंच इमारतींत आईबापांची मेजवानी रंगली आहे, तिच्याच उतरत्या छपरावरून धाकटी मुलगी घसरूं लागते. आंत आईबाप निश्चिंत, बाहेर मूल मरणाच्या दारांत! प्रेक्षक हंसतो खरा, पण त्याचा श्वासहि अडकतो.

ज्या रस्त्यानें उपनगर शहरापासून दूर नेलें, त्याच रस्त्यानें मुलें शहरांत येतात. घराबाहेर पडतांच नायिकेचा घराशीं असलेला धागा तुटतो. तेथून पुढें तिला आधार स्वतःच्या धैर्याचा आणि वाटेंत भेटणाऱ्या अनोळखी माणसांचा.

२०१६ सालीं डिस्ने चॅनलनें हीच कल्पना नव्यानें मांडली. त्या वाहिनीच्या स्वतःच्या चित्रपटांपैकीं हा शंभरावा. पहिला चित्रपट तेरा वर्षांखालील मुलांस दाखवितांना पालकांनीं सावध असावें, असा इशारा त्यावर होता; दुसरा सर्व कुटुंबानें मिळून पाहावा असा बेतलेला. एकीच्या जागीं आतां दोन मुली आल्या. सॅब्रिना कार्पेंटर आणि सोफिया कार्सन यांनीं त्या उभ्या केल्या. प्रत्येकीच्या हातांत मोबाइल असल्यानें धागा तुटावयाचा कसा? म्हणून आरंभींच दोघींच्या मोबाइलची अदलाबदल होते. एकीचें काम दुसरीकडे जातें, एक मुलगा घरांतून निसटून शहर गांठतो आणि बाकीचे त्यास शोधावयास धांवतात.

एकोणतीस वर्षांत साधनें बदललीं आणि भयाच्या कडा बोथट झाल्या. आईबापांच्या मनांतील शंका मात्र तीच राहिली: जी स्वतःच अजून कोणाची तरी लेक आहे, तिच्या खांद्यावर किती भार टाकावा? दोन्ही वेळां उत्तर त्या मुलींच्याच वागणुकींतून मिळतें. शहराच्या गर्दींत, कितीहि घाबरल्या तरी, त्या आधीं मुलें मोजतात.