स्क्रॅटचा बर्फ, चांद्याचा बर्फ

‘आइस एज’ हा 2002 चा ॲनिमेशनपट. त्यातला स्क्रॅट आठवतोय? हा खारीसारखा प्राणी ओकचं फळ बर्फात रोवायला जातो आणि अख्ख्या बर्फाला तडा जातो. भूगोलाच्या तासाला हिमनदी शिकवताना एवढा प्रसंग जरूर दाखवावा. फळ्यावरच्या ‘यू’ आकाराच्या दरीपेक्षा त्यातून बर्फाचा अवाढव्यपणा चटकन कळतो. हिंदी गाण्यांमधल्या स्वित्झर्लंडपेक्षाही हे बरं. तिथे शिफॉनच्या साडीमागे बर्फ नुसता पडद्यासारखा उभा असतो.

पण सिनेमाला घाई असते. त्यातला बर्फ एक तर थिजलेला असतो, नाहीतर कोसळतो. हिमनदीतली ‘नदी’ दिसतच नाही. ह्यूगी नावाच्या स्विस अभ्यासकाने 1827 मध्ये आल्प्समधल्या उंटरआर हिमनदीवर एक झोपडी बांधली. 1841 पर्यंत ती सुमारे 1.4 किलोमीटर खाली आली होती. कुणी हलवली नव्हती, खालचा बर्फच वाहत होता. दरम्यान 1837 मध्ये लुई अगासी याने एकेकाळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता असं मांडलं, आणि ते पचायला भूवैज्ञानिकांना बराच वेळ लागला.

युरोपात निदान डोंगरावर बर्फ दिसत तरी होता. ओडिशातल्या तालचेरला काय? तिथे बारीक गाळाच्या खडकात मोठाले धोंडे रुतलेले सापडले. असे धोंडे वाहून आणणारं पाणी बारीक गाळ तिथेच टाकत नाही, तो पुढे नेतं. बर्फ मात्र दोन्ही एकत्र आणून टाकू शकतो. 1856 मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी हे बर्फाचं काम असल्याचं सुचवलं. भारतात, तेही सखल भागात बर्फ! शंका येणं साहजिक होतं.

मग 1870 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडनला चांद्याजवळ, म्हणजे आजच्या चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या परिसरात इरई इथे तसाच धोंड्यांचा थर दिसला. त्याखालचा चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर ओरखडे. हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर अशाच रेघा ओढतात.

हा बर्फ सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत गोंडवन भूखंडात, दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता. स्क्रॅटचं हिमयुग त्यापुढे अगदी कालपरवाचं. चंद्रपूरच्या खाणींमधला कोळसा बर्फ हटल्यानंतरच्या जंगलांचा, म्हणून तो या थराच्या वर सापडतो.

उन्हाळ्यात 45 अंशांच्या पुढे तापणाऱ्या गावातल्या मुलांना हिमनदी परदेशी वाटली तर नवल नाही. म्हणून स्क्रॅटचा प्रसंग संपला, की पडद्यावर इरईच्या खडकाचा फोटो लावावा आणि विचारावं: बर्फ कुठल्या दिशेने सरकला असेल?