धनगराचा झाडपाला

धनगराचा दवाखाना रानातच असे. खरजेला करंजाचे तेल, जंतांवर पळसपापडी, पोटफुगीवर हिंग-ओवा. आणि जखमेत किडे पडले की सीताफळीचा पाला वाटून भरावयाचा. सीताफळ तर मूळचे अमेरिकेचे! म्हणजे ही विद्या केवळ जुनी नव्हती. नवे झाडही ती पारखून घेई.

परंतु गुरांच्या बुळकांडीपुढे पाला हरला. १८८९ साली पुण्यात गुरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली; पुढे ती कुमाऊंतील मुक्तेश्वरास गेली. तेथे शेळ्यांच्या साहाय्याने लस सिद्ध झाली. २०११ साली बुळकांडी जगातून हद्दपार झाली.

जंत, खरूज मात्र कळपात आहेतच. जाणता म्हातारा गेला की त्याची विद्याही जाते. ती वेळीच टिपून, पारखून घ्यावयास नको काय?