मराठवाड्यांतील उच्च शिक्षणाची वाटचाल

आष्टी हें परतूर तालुक्यांतील गांव. १९८१ सालीं जालना जिल्हा निर्माण झाला, तोंपर्यंत हा तालुका परभणी जिल्ह्यांत होता. आणि १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. अशा गांवच्या शेतकऱ्याच्या मुलास महाविद्यालयाचें दार कसें उघडलें, हें सांगावयाचें म्हणजे अवघ्या मराठवाड्याचीच हकीकत सांगावी लागते.

हैदराबाद संस्थानांत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. इंग्रजीऐवजीं देशी भाषेंतून उच्च शिक्षण द्यावें, हा त्यामागील विचार निःसंशय थोर होता. परंतु ती भाषा उर्दू ठरली, आणि आमच्या कुणब्याच्या घरीं तर मराठी बोलत. त्याच्या मुलापुढें दोन अंतरें उभीं राहिलीं: एक हैदराबादचें आणि दुसरें भाषेचें. पहिलें आगगाडीनें तुटे. दुसरें तोडण्याचें सामर्थ्य गरीब घरीं कोठून येणार?

ही उणीव कांहीं अंशीं राष्ट्रीय शाळांनीं भरून काढली. १९२१ सालीं हिप्परगा येथें अशी शाळा निघाली. तिचें मुख्याध्यापकपद ज्यांनीं भूषविलें, ते स्वामी रामानंद तीर्थ पुढें १९३५ च्या सुमारास अंबाजोगाईस येऊन अध्यापन करूं लागले. हेच गुरुजी पुढें संस्थानांतील स्वातंत्र्यलढ्याचे नेते झाले, यांत नवल नाहीं. मातृभाषेंतील शाळा आणि जबाबदार राज्यपद्धति या दोन्ही मागण्या एकाच मुळाच्या होत्या.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें आणि अवघ्या दोन वर्षांत, १९५० सालीं, नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. त्याच वर्षीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबाद येथें महाविद्यालय सुरू केलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवारूपास आलें. मिलिंद हा नागसेनास निर्भयपणें प्रश्न विचारणारा राजा. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती, त्यांच्या मुलांसाठीं याहून उचित नांव कोणतें?

तिकडे सातारा येथें कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९४७ सालींच छत्रपति शिवाजी महाविद्यालय उघडून ‘कमवा व शिका’ हा मार्ग घालून दिला होता. खेड्यांतील मुलास नुसता वर्ग पुरत नाहीं; त्यास भाकरी आणि निवारा अगोदर लागतो, हें या थोर पुरुषांनीं ओळखलें होतें.

२३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १९९४ सालीं त्यास डॉ. आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें, आणि त्याच वर्षीं नांदेडास दुसरें विद्यापीठ झालें. विद्यापीठ जवळ आल्यामुळें तालुक्याच्या गांवीं महाविद्यालय काढणें सुकर झालें.

याचा सर्वांत मोठा लाभ मुलींस झाला. परगांवीं खोली घेऊन मुलगी ठेवण्यास जो बाप धजत नाहीं, तो सकाळीं जाऊन सायंकाळीं घरीं परतणाऱ्या मुलीस अडवीत नाहीं. तथापि दार जवळ आलें म्हणजे आंतील विद्या आपोआप सकस होते, असें नव्हे. ग्रंथालय रितें असेल, प्रयोगशाळेस कुलूप असेल आणि शेती, पाणी व बाजार यांविषयीं तेथें अवाक्षरही निघत नसेल, तर पदवी घेतलेल्या मुलास पुन्हां शहराचीच वाट धरावी लागेल. इमारती पुष्कळ उभ्या राहिल्या. आतां आपल्या गांवच्या महाविद्यालयांत काय शिकविलें जातें, हें पालकांनीं स्वतः जाऊन विचारावें, एवढीच विनंति.