परवाना, परदेशी कुशल माणसांचा (काशीद–रेवदंडा किनारा)

परदेशी जाणकार किंवा कारागिराला इथे राहून काम करण्यासाठी सत्तेने दिलेली मुभा. आज ती दोन टप्प्यांत मिळते : परदेशातील भारतीय वकिलातीकडून एम्प्लॉयमेंट व्हिसा आणि इथे पोचल्यावर नोंदणी करून निवास-परवाना. काशीद (ता. मुरूड, जि. रायगड) १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. उत्तरेचे चौल व रेवदंडा निजामशाही, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या अमलाखाली राहिले. परवाना माणसाच्या हुन्नराला मिळत असला तरी त्याची दोरी मालकाच्या हातात, ही रीत मात्र या पट्ट्यात जुनी आहे.

पूर्वपीठिका : अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला (वर्ष काही जण १४६९ मानतात, काही १४७१). घोडा आणायला शंभर रूबल पडले, असा हिशेब त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. जुन्नरचा अंमलदार असदखान याने तो घोडा ताब्यात घेतला आणि अट घातली, की मुसलमान झालास तर घोडाही परत आणि वर हजार मोहरा. नाही तर दोन्हींवर पाणी. मुदत चार दिवसांची. एका खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. कागदाऐवजी ओळख चालते, याचे हे या किनाऱ्याशी जोडलेले तपशीलवार जुने उदाहरण. रेवदंड्याला शाळेच्या आवारात निकितीनचा स्मारकस्तंभ आहे.

तोफा ओतणाऱ्यांना अशी विघ्ने आली नसावीत. चौल ज्यांच्या मुलखाचे बंदर होते त्या निजामशाहांच्या अहमदनगरात महंमद बिन हसन रूमी याने हिजरी ९५६ (इ. स. १५४९) मध्ये ‘मलिक-ए-मैदान’ ओतली. ही तोफ आता विजापूरला आहे. ‘रूमी’ म्हणजे तुर्की मुलखातला. त्याला कोणत्या अटींवर ठेवले होते ते तोफेवर कोरलेले नाही. नाव मात्र कोरले आहे, आणि कारागिराला तेवढा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पोर्तुगिजांना चौलच्या खाडीच्या मुखाशी, म्हणजे रेवदंड्याला, कोट बांधण्याची परवानगी बुऱ्हाण निजामशाहाने दिली. तो परवाना व्यक्तीला नसून सत्तेला होता, म्हणून इथे विस्तार केलेला नाही (पहा : रेवदंडा किल्ला).

उलटे उदाहरण १६५९ चे. शिवाजी महाराजांनी कल्याण–भिवंडी भागात गलबते बांधायला घेतली, त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज होता आणि त्याच्याबरोबर तीनशेहून अधिक माणसे. ही गलबते जंजिऱ्याच्या सिद्दीवर जातील असे सांगितले जात होते, पण उद्या ती आपल्यावरच येतील अशी धास्ती वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी घेतली. त्यांनी निरोप धाडले आणि कारागीर रातोरात काम टाकून निघून गेले. महाराजांची मुभा होती, मायदेशाची नव्हती. मराठी आरमाराच्या इतिहासात या प्रसंगाला बहुधा एखादी ओळ मिळते. प्रस्तुत विषयात तो मध्यवर्ती आहे.

जंजिऱ्याचे सिद्दी या किनाऱ्यावर केव्हा व कोणत्या नात्याने आले, याबद्दल एकमत नाही, म्हणून त्यांचे उदाहरण इथे घेतलेले नाही.

सध्याची पद्धत : १९३९ चा नोंदणी कायदा आणि १९४६ चा विदेशी नागरिक कायदा यांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’ ने घेतली आहे. एम्प्लॉयमेंट व्हिसा उच्च कौशल्याच्या किंवा विशेष शिक्षणाच्या माणसालाच मिळतो. ज्या कामाला भारतीय माणसे भरपूर मिळतात, किंवा जे काम कारकुनी स्वरूपाचे आहे, त्याला तो मिळत नाही. गाळणी म्हणून पगाराची किमान मर्यादा आहे : आधी वर्षाला २५,००० डॉलर, नंतर १६.२५ लाख रुपये. या मर्यादेतून सुटका असलेल्यांत आपापल्या देशाचा स्वयंपाक करणारे आचारी, इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक आणि अनुवादक येतात. म्हणजे इटालियन आचाऱ्याला थोडक्या पगारावर ठेवता येईल, पण इंग्रजी शिकवणाऱ्याला नाही.

व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. जिल्ह्यात हे अधिकार पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे अलिबागला. २०१८ पासून अर्ज ‘ई-एफआरआरओ’ या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, राहत्या जागेचा पुरावा आणि नेमणुकीचा करार जोडायचा, शिवाय मालकाचे हमीपत्र. परवाना त्या मालकापुरताच असतो. नोकरी बदलायची तर सामान्यतः परत जाऊन नवा व्हिसा आणावा लागतो. पर्यटक व्हिसाचा नोकरीच्या व्हिसात बदल इथे बसून होत नाही. या पट्ट्यापुरते सांगायचे तर, रेवदंडा खाडीच्या पुलापलीकडे साळावला लोखंडाचा कारखाना उभा राहिल्यापासून काशीदच्या रस्त्याला परदेशी तंत्रज्ञान परके राहिलेले नाही. त्या कारखान्याची प्रक्रिया मूळ मेक्सिकोतील आहे.

काशीद गावात या विषयाशी रोजचा संबंध येतो तो ‘सी फॉर्म’मुळे. परदेशी पाहुणा उतरला की रिसॉर्टवाल्याने किंवा घरगुती निवासवाल्याने २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते : पासपोर्ट व व्हिसाचा क्रमांक, कुठून आला, पुढे कुठे जाणार. पाहुणा किनाऱ्यावरून ओल्या पायांनी परत येईपर्यंत काउंटरवरचा मुलगा त्याचा पासपोर्ट उघडा धरून अक्षर अक्षर टाइप करत असतो, आणि आडनाव कुठले व नाव कुठले इथे हमखास अडतो. पर्यटक व्हिसावर आलेल्याला योगाचा छोटा वर्ग शिकता येतो. पगार घेऊन शिकवता येत नाही.

भविष्यनिर्वाह निधी : २००८ पासून परदेशी कर्मचाऱ्यांना पूर्ण पगारावर लागू. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. वाद संपलेला नाही.

दंड : मुदतीनंतर राहिल्यास २०२५ च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कुटुंबीय : एंट्री (एक्स) व्हिसा. त्यावर नोकरी करता येत नाही.