मेकनेस : एका माणसाची फौज

कामानिमित्त रबातला होतो, एक दिवस मोकळा मिळाला. मोरोक्कोत आलेला प्रवासी बहुधा फेझ किंवा मराकेश गाठतो. मी रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवरचं मेकनेस निवडलं, ते मौले इस्माईल या सुलतानामुळे. हा गडी १६७२ मध्ये गादीवर आला, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. मेला १७२७ मध्ये, थोरल्या बाजीरावांनी निजामाविरुद्ध पालखेडची मोहीम सुरू केली त्या वर्षी. पंचावन्न वर्षं एकाच माणसाचं राज्य!

आपल्या मुंबईचा आणि या सुलतानाचा एक दूरचा धागा आहे. १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनच्या आंदणात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दोन बंदरं देऊ केली : मुंबई आणि मोरोक्कोतलं टँजियर. मुंबई इंग्रजांच्या हाती राहिली. टँजियरला मात्र मौले इस्माईलच्या फौजांनी असं जखडलं, की १६८४ मध्ये इंग्रजांनी स्वतःच बांधलेला समुद्री धक्का उडवून दिला आणि काढता पाय घेतला. पुढे १६८९ मध्ये त्याने स्पॅनिशांकडून लाराश घेतलं. सेउता मात्र तीसहून अधिक वर्षं वेढा घालूनही पडलं नाही.

आमचा गाईड निवृत्त शिक्षक होता. मेकनेसचाच, त्यामुळे अभिमान ठासून भरलेला. त्याने आधी बाब मन्सूर दरवाजा दाखवला. हिरव्या-पांढऱ्या फरशांचं नक्षीकाम, बाजूला संगमरवरी खांब. काम सुरू केलं इस्माईलने, पुरं झालं १७३२ मध्ये, त्याच्या मुलाच्या काळात. खरा ऐवज पुढे आहे. हेरी अस-सुआनी नावाची प्रचंड कोठारं, जाड भिंतींची, भर उन्हात आत थंडगार. लागूनच पाणी उपसण्याच्या रहाटांच्या विहिरी. मागे छप्पर कोसळलेल्या कमानींच्या रांगाच रांगा. इथे बारा हजार घोडे बांधले जात, असं गाईड सांगतात. काही अभ्यासकांना ते पटत नाही. आकडा सोडून देऊ, पण रसदीचं महत्त्व ओळखणारा हा सेनानी होता, हे फौजी डोळ्यांना लगेच कळतं. धान्य आणि पाणी एका तटाच्या आत.

ही रसद ज्यांच्यासाठी होती, ती फौज म्हणजे 'अबीद अल-बुखारी'. टोळ्यांवर विश्वास नाही, शहरांवर नाही, म्हणून इस्माईलने देशभरातून काळ्या वर्णाचे गुलाम गोळा केले. त्यात 'हरातीन' म्हणजे स्वतंत्र असलेले लोकही ओढले. फेझच्या उलेमांनी विरोध केला : स्वतंत्र मुसलमानाला गुलाम करता येत नाही. त्यांच्यातल्या अब्द अस-सलाम जस्सूस या विद्वानाने संमती दिली नाही, तेव्हा १७०९ मध्ये त्याला ठार मारण्यात आलं.

या सैनिकांची मुलं दहाव्या वर्षी सुलतानाच्या ताब्यात जात. आधी कारागिरी, मग खेचरं सांभाळणं, मग बांधकाम, शेवटी घोडा आणि हत्यार. आमच्या खडकवासल्यातही क्रमाक्रमानेच घडवतात, पण तिथे मुलगा स्वतःहून अर्ज करून येतो. हा फरक लहान नाही.

मित्रहो, या फौजेची शपथ एका माणसाच्या नावाची नव्हती. 'सहीह बुखारी' या हदीसग्रंथावर हात ठेवून ती घेतली जाई, म्हणून तर नाव बुखारी. शपथ ग्रंथाची होती, पण भाकरी, घोडा, बायको, घर सगळं एकाच हातातून येत होतं. १७२७ मध्ये तो हात गेला. त्यानंतर तीस वर्षं याच फौजेने सुलतान बसवले आणि उठवले. नवा सुलतान म्हणजे नवं बक्षीस. इस्माईलचा मुलगा अब्दल्ला तर अनेकदा पदच्युत झाला आणि अनेकदा परत आला. ज्या फौजेने किनारे सोडवले, तिनेच देश पोखरला.

त्या कमानींखाली उभा असताना मला १६८९ साल आठवत होतं. संभाजी महाराजांची हत्या झाली होती, रायगड पडला होता, राजाराम महाराज दूर जिंजीला. पगाराला खजिना नाही, राजधानी नाही. फितुरी होती, वतनाची हावही होती, ते लपवायचं कारण नाही. तरीही संताजी-धनाजी लढत राहिले, १७०० नंतर ताराराणींनी सूत्रं हाती घेतली, आणि १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला तेव्हाही लढाई सुरूच होती. त्या शिपायाचं शेत, गाव आणि माणसं याच मुलखात होती. राजा गेला तरी लढण्याचं कारण शिल्लक होतं. अबीद सैनिकाकडून त्याचं गाव आधीच हिरावून घेतलेलं होतं, मग त्याने कशासाठी लढायचं?

म्हणून त्या शिपायांना बेइमान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोष ते ज्या पद्धतीने उभे केले गेले, त्या पद्धतीचा.

आम्ही वर्दीतली माणसं संविधानाशी निष्ठेची शपथ घेतो. ती टिकते ती नुसत्या शब्दांवर नाही. जवान स्वेच्छेने भरती होतो, त्याचा पगार कायद्याने ठरतो, सुट्टीवर तो स्वतःच्या गावी जातो, आणि कमांडर बदलला म्हणून त्याचं रेशन बंद होत नाही. या गोष्टी इतक्या रोजच्या आहेत, की आपण त्यांना सैन्याची ताकद म्हणून मोजतच नाही. रणगाडे आणि तोफा मोजताना त्याही मोजायला हव्यात.